पॉटबेली म्हणजे पोट-पोट? बेली या शब्दाचं मूळ काय?

खमंगकाकडी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय आधी होऊन गेला असेल तर सांगा आणि हा उडवून टाका.

झालं असं की आम्ही गेली तीन वर्षं इंग्लंडात रेडिंगला आहोत, लेक सात वर्षांची, घरात मराठी आणि शाळेत इंग्लिश. परवा तिच्या गोष्टीच्या पुस्तकात एक पॉटबेलीवाला म्हातारा आला आणि ही एकदम ओरडली, आई यांनी पोट दोनदा लिहिलंय! म्हणजे तिच्या मते पॉट म्हणजे आपलं पोट आणि बेली म्हणजे पण पोट, आपण पिवळा पीतांबर किंवा गाईचं गोमूत्र म्हणतो त्यातला प्रकार. मी आधी हसले आणि मग मलाच शंका आली की खरंच काही संबंध नाहीये ना? तिच्या बाबाने हळूच टीशर्ट खाली ओढला आणि विषय बदलला.

दुसरं म्हणजे इथे पोटाला माणसागणिक वेगळा शब्द. शाळेत टमी. डॉक्टर कागदावर ॲब्डोमेन लिहितात पण बोलताना तेही टमीच, अगदी पन्नाशीच्या बाप्याला सुद्धा. शेजारच्या आजी स्टमक म्हणतात. मी एकदा शाळेच्या चिठ्ठीत बेली दुखतेय असं लिहिलं तर बाईंनी उत्तर देताना गोड शब्दात त्याचं टमी करून टाकलं. बेली हा काय वाईट शब्द आहे का? आणि आला कुठून? इथे भाषेतले किडे बरेच आहेत म्हणून विचारतेय.

शब्दांचा_सदू

किडा हजर आहे.

आधी लेकीचं उत्तर. पॉटबेलीतलं पॉट म्हणजे भांडं, मडकं. आपण नाही का म्हणत की पोटाचा माठ झालाय, तेच. पोटाशी उच्चार जुळतो हा निव्वळ योगायोग. पण मुलीला शाबासकी द्या, सात वर्षांची असताना मी फक्त मडकी फोडत होतो.

आता बेली. जुन्या इंग्लिशमध्ये, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या, हा शब्द बेल्ग किंवा बॅल्ग असा होता आणि गंमत म्हणजे तेव्हा त्याचा अर्थ पोट नव्हताच. अर्थ होता चामड्याची पिशवी, बटवा, पखाल. त्याच्या मागे जाऊन बघितलं तर भाषाशास्त्रवाले एक मूळ धातू देतात, भेल्घ असा काहीसा, अर्थ फुगणे. म्हणजे आधी फुगणं, मग फुगणारी वस्तू म्हणजे चामड्याची पिशवी, आणि तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास ती पिशवी माणसाच्या बरगड्यांखाली येऊन बसली ती कायमची.

शेवटचा ग कुठे गेला असा प्रश्न येईलच. तो य झाला. जुन्या इंग्लिशमध्ये ठराविक ठिकाणचा ग मऊ होत होत य किंवा ई होतो, हालिग चं होली झालं, बोडिग चं बॉडी, डॅग चं डे. तसंच बेल्ग चं बेली.

कोल्हापुरी_लवंगी

सदूभाऊ +१. पखाल हा शब्द वाचून बरं वाटलं. पाण्याने टम्म भरलेली पखाल बघितली असेल त्याला पोट कुठून आलं हे समजवायची गरज नाही.

जयतु_संस्कृतम्

इतकं लांब जायची गरजच काय? बेली हा सरळ सरळ आपला बळी शब्द आहे. बळी म्हणजे देवाला अर्पण केलेलं अन्न, उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म हे लहानपणापासून म्हणतो आपण, म्हणजे पोटातल्या अग्नीला दिलेला बळी तो बेली. आमच्या शाळेतल्या सरांनी हे तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पाश्चात्त्य लोक सगळं आपल्याकडून नेतात आणि नाव देत नाहीत.

शब्दांचा_सदू

जयतुराव, ऐकायला झकास आहे पण जमत नाही. बळीशी जुळतं ते आजचं बेली. हजार वर्षांपूर्वी तिथे ग होता आणि अर्थ पिशवी होता, मग तो ग कुठून आला आणि बळीची पिशवी कशी झाली ते सांगावं लागेल. दोन शब्दांचे आजचे उच्चार शेजारी ठेवून नातं जोडलं तर मग पॉटबेलीबद्दल त्या मुलीचं म्हणणंही मान्य करावं लागेल!

पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. संस्कृतात उशीला उपबर्ह किंवा उपबर्हण असा शब्द आहे, अमरकोशात उपधान शब्दाच्या जोडीला तो सापडेल. युरोपातले कोशकार हा शब्द याच फुगण्याच्या धातूशी जोडतात, फारसीतली बालिश म्हणजे उशी पण त्याच घरातली धरतात. आणि इंग्लिशमधलं बोल्स्टर, म्हणजे लोड, तेही तिथलंच. तेव्हा नातं आहे पण बळीशी नाही, उशीशी आहे. पोटाला उशी बांधून नाटकात शेटजी होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जयतु_संस्कृतम्

उपबर्हण मान्य. बळी पण मी सोडलेला नाही.

कोल्हापुरी_लवंगी

ठ्ठो!

म्युनिकची_मावशी

आमच्या जर्मनीत तो ग अजून जिवंत आहे. बाल्ग हा शब्द आहे इथे, अर्थ प्राण्याचं सोललेलं कातडं, आणि वैतागून एखाद्या द्वाड कारट्याला पण बाल्ग म्हणतात. पोटाला मात्र बाउख. सदूंनी दिलेले शब्द जर्मन स्पेलिंगमध्ये बघा, होलीच्या जागी हायलिग, डेच्या जागी टाग, वेच्या जागी वेग, हनीच्या जागी होनिग. मी इथे आले तेव्हा मला कोणी हे सांगितलं असतं तर निम्मा शब्दसंग्रह फुकट मिळाला असता. इंग्लिशमध्ये शेवटी य किंवा ई दिसली की जर्मनमध्ये ग लावून बघायचा, दहातल्या चार वेळा लागतो, उरलेल्या सहा वेळा लोक हसतात.

आणि ढेरीला इथे वाम्पे म्हणतात. बिअरच्या कृपेने या शब्दाला मरण नाही. या वाम्पेचं एक सख्खं भावंड इंग्लिशमध्ये आहे आणि ते कळल्यावर मी थक्क झाले होते, ते म्हणजे वूम्ब! गर्भाशय!

खमंगकाकडी

मावशी काय सांगता, वूम्ब आणि ढेरी?

म्युनिकची_मावशी

हो ना. जुन्या इंग्लिशमध्ये पोटाचा नेहमीचा शब्द वॅम्ब, म्हणजेच आजचं वूम्ब, आणि तो बाई-पुरुष सगळ्यांना चालायचा. चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावाने ओळखलं जाणारं बायबलचं भाषांतर झालं, त्यात उधळ्या पुत्राच्या गोष्टीत तो पोरगा भुकेने इतका कासावीस होतो की डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगांनी आपलं वूम्ब भरावं असं त्याला वाटतं. पुढे १६११ च्या बायबलात त्याच जागी बेली आलं. म्हणजे मधल्या काळात वूम्ब फक्त बायकांपुरतं उरलं आणि मोकळ्या झालेल्या खुर्चीवर बेली येऊन बसली. स्कॉटलंडच्या बोलीत वेम म्हणून तो जुना शब्द पोटाच्या अर्थाने राहिलाय.

आणि आपल्याकडे बघा, आपण ही वाटणी केलीच नाही. पोटचा मुलगा, पोटुशी, पोटी जन्म घेणे आणि पोटात कावळे ओरडणे, सगळ्याला एकच पोट.

भात्याचा_कारागीर

मी पेट्या दुरुस्त करतो, हार्मोनियम. मला वाटलं माझा इथे काय संबंध म्हणून नुसताच वाचत होतो पण सदूभाऊंनी चामड्याची पिशवी म्हटल्यावर राहवलं नाही.

भात्याला इंग्लिशमध्ये बेलोज म्हणतात, कॅटलॉगात तसंच लिहिलेलं येतं. ते बेली आणि हे बेलोज एकच का?

शब्दांचा_सदू

कारागीर, शंभर नंबरी! एकच. जुन्या इंग्लिशमध्ये भात्याला ब्लास्टबेल्ग म्हणायचे, म्हणजे फुंकायची पिशवी, मावशींच्या जर्मनीत आज पण ब्लाझेबाल्ग म्हणतात. पुढे नुसतं बेल्ग उरलं. एकाच शब्दाच्या एका रूपातून बेली आली आणि दुसऱ्या एका बोलीतल्या अनेकवचनातून बेलोज.

आणि आता खरी मजा. आपला भाता कुठून आला? संस्कृत भस्त्रा. भस्त्रा म्हणजे काय? चामड्याची पिशवी! आणि भाता पण. बाण ठेवायचा भाता तोच. म्हणजे तिकडे पण पिशवीवरून लोहाराचा भाता झाला आणि इकडे पण पिशवीवरूनच, शब्द वेगळे, एकमेकांशी काही घेणंदेणं नाही, पण लोहार जगात सगळीकडे लोहारच.

योगाच्या क्लासला जाणाऱ्यांनी भस्त्रिका प्राणायाम आठवावा. लोहाराच्या भात्यासारखा जोरात श्वास घ्यायचा आणि सोडायचा, आणि हलतं काय? बेली.

भात्याचा_कारागीर

वा. आता सांगतो. आमच्या गावी लोहारआळीत जुना भाता होता तो खरोखर कातड्याचा होता, वर ओढला की फुगायचा आणि खाली दाबला की निखारा लाल व्हायचा, लांबून बघितलं तर जनावर झोपलंय आणि श्वास घेतंय असंच वाटायचं. मी लहानपणी घाबरायचो त्याला. पेटीचा भाता घड्यांचा असतो, फुगतो तो पुठ्ठ्याच्या आणि कातड्याच्या जोडांवर, आणि गिऱ्हाईक पेटी घेऊन आलं की म्हणतं काय माहितीये का, भाता दम धरत नाही. माणसाचंच वर्णन.

अजून एक, व्हायोलिनच्या पुढच्या लाकडी पाटीला पण इंग्लिशमध्ये बेली म्हणतात. आम्ही तंबोऱ्याच्या त्या भागाला तबली म्हणतो. धनुष्याची जी बाजू तिरंदाजाकडे असते तिला पण बेली म्हणतात असं एका गिऱ्हाइकाने सांगितलेलं.

सीए_साहेबराव

उशिरा आलो, मार्चएंड. पण या धाग्यात एक फार मोठा शब्द राहिलाय आणि तो माझ्या धंद्यातला आहे म्हणून सांगतो. बजेट.

हसू नका. फ्रान्सच्या भागात पूर्वी गॉल लोक राहायचे त्यांच्या भाषेत बुल्गा म्हणजे चामड्याची थैली, सदूंच्या त्याच फुगण्याच्या धातूतून आलेला. तो शब्द लॅटिनने घेतला, लॅटिनकडून जुन्या फ्रेंचने, तिथे त्याचा बूज झाला आणि छोट्या थैलीला बूजेत. ती बूजेत इंग्लंडात आली आणि तिचं बजेट झालं. सुरुवातीला बजेट म्हणजे खरंच थैली. मग १७३३ साली रॉबर्ट वॉलपोल या सरकारी तिजोरी सांभाळणाऱ्या पुढाऱ्याची टर उडवायला एक पत्रक निघालं, त्यात त्याला जत्रेतल्या औषधवाल्यासारखं आपली पोतडी उघडताना दाखवलं होतं, की बघा आता यातून काय काय निघतंय. तिथून बजेट उघडणे म्हणजे सरकारी जमाखर्च मांडणे हे रूढ झालं. तेव्हा बेली आणि बजेट चुलत भावंडं झाली, आणि दोन्हीचं कटिंग करणं जवळपास अशक्य हे मी गेली वीस वर्षं बघतोय, पहिलं आरशात आणि दुसरं ऑफिसात.

आपल्याकडे अर्थमंत्री कित्येक वर्षं चामड्याची बॅग घेऊन संसदेत यायचे. २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ती बंद करून लाल कापडात बांधलेलं बहीखातं आणलं. म्हणजे बजेट आपल्या मूळ चामड्यातून बाहेर आलं ते तेव्हा.

कोल्हापुरी_लवंगी

साहेबराव, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा. बल्ज पण यातलाच का मग?

सीए_साहेबराव

होय, बल्ज त्याच बुल्गामधून. समुद्राची उंच लाट ती बिलो, ती पण फुगण्यातूनच, पण ती नॉर्स लोकांकडून आली.

मिसळ_आणि_मिसेस

वाचतेय. फार भारी धागा झालाय. मला एकच आठवलं, आपण रागावलेल्या माणसाला फुगून बसलाय म्हणतो, रुसवे-फुगवे म्हणतो, तसं काही इंग्लिशमध्ये असेल का या धातूत?

शब्दांचा_सदू

आहे आणि अगदी तसंच आहे. जुन्या इंग्लिशमध्ये बेल्गन असं क्रियापद होतं, अर्थ संतापणे, शब्दशः फुगणे. आज ते मेलं. इंग्रज आता फुगत नाहीत, नुसते भुवई वर करतात.

डॉक्टर_बोलते

हॉस्पिटलमधून लिहितेय, मधेच उठावं लागलं तर समजून घ्या.

काकडी, स्टमकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. स्टमक हा शब्द मुळात पोटाचा नाहीच, तो तोंडाचा! ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड, त्यावरून स्टोमाखोस म्हणजे घसा, अन्ननलिका. तिथून घसरत घसरत तो जठरापर्यंत आला. आणि लोक इथेच थांबले नाहीत, जठराच्या खाली आतड्यात दुखत असलं तरी हात बेंबीवर ठेवून सांगतात स्टमकमध्ये दुखतंय. आमच्या शिक्षणात पहिली सवय हीच लावतात की पेशंट जे म्हणतोय त्यावर जाऊ नको, बोट कुठे ठेवतोय ते बघ. मराठी पेशंट तर पोटात दुखतंय म्हणून छातीच्या हाडाखालपासून जांघेपर्यंत काहीही दाखवतात. कोठा जड आहे म्हणाले की मात्र लगेच कळतं. कोठा म्हणजे कोष्ठ, म्हणजे धान्याचं कोठार, आणि बद्धकोष्ठ म्हणजे कोठाराला कुलूप. आपल्याकडे पिशवी नाही तर गोदाम आहे, इतकाच फरक.

स्टमकचे मानसिक अर्थ पण खूप होते. लॅटिनमध्ये स्टोमाखारी म्हणजे चिडणे, आणि जुन्या इंग्लिश बोलण्यात स्टमक म्हणजे धमक, मगरूरी. स्पॅनिश आरमार चालून आलं तेव्हा १५८८ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने टिलबरीला सैन्यापुढे केलं म्हणून जे भाषण सांगतात त्यात ती म्हणते की माझं शरीर दुबळ्या बाईचं असेल पण हृदय आणि स्टमक राजाचं आहे. आपण अशा वेळी छाती किंवा काळीज म्हटलं असतं.

आता माझा आवडता भाग, पण राउंडला बोलावतायत. येते.

खमंगकाकडी

अहो डॉक्टर, असं अर्ध्यावर सोडून जाऊ नका!

सोलापूरचा_शेंगदाणा

तोवर मी आमचं घोडं दामटतो. आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि आजोळी कन्नड. तेलुगूत पोट म्हणजे पोट्टा. कन्नडमध्ये होट्टे. कन्नडमध्ये जुन्या प चा ह झालाय, तमिळमध्ये दूध म्हणजे पाल आणि कन्नडमध्ये हालु, तसं जुनं पोट्टे आणि आताचं होट्टे. म्हणजे आपलं पोट संस्कृतातून नाही आलं, संस्कृतात उदर, जठर, कुक्षी हे आहेत. पोट हा देशी शब्द. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशीनाममालेत जे देशी शब्द जमा केले त्यात पोट्ट आहे, अर्थ उदर. आम्ही सोलापूरकर शेंगा चटणी खाऊन तिन्ही भाषेत पोट धरून बसतो.

जयतु_संस्कृतम्

पोट हे पुट शब्दावरून असणार. पुट म्हणजे घडी, द्रोण, पोकळी.

सोलापूरचा_शेंगदाणा

मग कन्नड-तेलुगूवाल्यांनी पण तो द्रोण उचलून सगळ्या घरात एकसारखा वाटला म्हणायचा. दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या जयतुराव.

गल्लीतला_जाणकार

मला एक वेगळंच सुचतंय. इंग्लिश बेलीचा सगळा परिवार बघा, बल्ज, बिलो, बेलोज, सगळा बाहेर फुगणारा. शिडात वारा भरला की शीड बेलीज असं क्रियापद पण वापरतात. आणि मराठी पोटाचा परिवार आत शिरणारा. पोटमाळा, पोटभाडेकरू, पोटनियम, पोटजात, पोटनिवडणूक, सातबारावरचा पोटखराबा. पोटात घालणे म्हणजे माफ करणे, पोटात ठेवणे म्हणजे गुपित राखणे, पोटात एक आणि ओठात एक. म्हणजे इंग्रजाने पोट बाहेरून बघितलं आणि आपण आतून. त्यांची पिशवी, आपलं तळघर.

मिसळ_आणि_मिसेस

वा जाणकार! पण आमच्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीला पावसाळ्यात पोट आलं होतं ते कुठल्या खात्यात?

गल्लीतला_जाणकार

भिंतीचं खातं विसरलो. ते इंग्लिशमध्ये गेलेलं पोट समजा.

डॉक्टर_बोलते

आले. तर आवडता भाग. जाणकारांची थिअरी मी अजून थोडी मोडणार आहे, सॉरी.

स्नायूच्या मधल्या जाड मांसल भागाला आम्ही बेलीच म्हणतो, मसल बेली. हनुवटीखाली एक स्नायू आहे त्याचं नावच डायगॅस्ट्रिक, म्हणजे दोन पोटांचा, कारण तो मधे बारीक होतो आणि दोन्हीकडे फुगतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांना आणि मेंदूतल्या पोकळ्यांना व्हेंट्रिकल म्हणतात, ते लॅटिन व्हेंटर म्हणजे पोट, त्याचं लाडकं रूप, पोटुकलं म्हणा.

आणि आता बसा. पायाच्या मागच्या बाजूला गुडघ्याखाली जो मोठा स्नायू असतो त्याचं नाव गॅस्ट्रोक्नेमियस. आम्ही पहिल्या वर्षाला रडत रडत पाठ केलेलं. ग्रीकमध्ये गास्टेर म्हणजे पोट, क्नेमे म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचं पोट. आणि मराठीत त्या जागेला काय म्हणतात?

पोटरी!

अख्खं वर्ष मी ते नाव घोकलं आणि कोणी एका माणसाने सांगितलं नाही की बाई तुझी आजी हेच म्हणते.

कोल्हापुरी_लवंगी

अरे देवा. पोटरी. पोट-री. अंगावर काटा आला खरंच.

म्युनिकची_मावशी

मी आत्ता सोफ्यावर बसून स्वतःच्या पोटरीकडे बघतेय. आहे खरं पोट.

मालदांडी

राम राम. मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीवाला. तुमी लोक पोटरी पायापाशीच सोडून दिली म्हणून लिहितो. आमच्यात ज्वारीचं कणीस भाईर पडायच्या आधी पानाच्या वेटोळ्यात असतंय, तवा तिथं ताट फुगतंय, त्याला पोटरी म्हणत्यात. ज्वारी पोटरीत आली म्हणायचं. त्या टायमाला पाणी बसलं तर दाणा भरतोय नाहीतर कणीस आतल्या आत अडकून बसतंय. कृषी खात्याच्या कागदावर पण पोटरी अवस्था असंच लिहून येतंय. बघायला गेलं तर गरवार बाईसारखंच की, हात फिरवून कळतंय आत कणीस हाय का नाय.

गल्लीतला_जाणकार

मालदांडी भाऊ, तुमच्या पोटरीत बाहेर फुगणं पण आलं आणि आत असणं पण आलं. माझी थिअरी मी मागे घेतो, आनंदाने.

शब्दांचा_सदू

या धाग्याचं चीज झालं. मालदांडी, अजून लिहा.

खमंगकाकडी

मंडळी, एवढं सगळं मिळालं, पण माझा दुसरा प्रश्न राहिला. बेली वाईट शब्द आहे का? बाईंनी का बदलला?

म्युनिकची_मावशी

वाईट नाही, पण मधे तो वाईट ठरवला गेला होता. १६११ च्या बायबलात बेली बिनदिक्कत आहे, योना माशाच्या बेलीत तीन दिवस राहतो, सापाला शाप मिळतो की तू बेलीवर सरपटशील. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे सभ्य लोकांना हा शब्द रांगडा वाटायला लागला आणि नंतरच्या बऱ्याच बायबलांतून पण तो काढून टाकला गेला. त्याच्या जागी डॉक्टरबाईंचं ते तोंडातून आलेलं स्टमक बसवलं. आणि लहान मुलांना स्टमक म्हणता येईना म्हणून एकोणिसाव्या शतकात त्याचं बोबडं टमी झालं. तेव्हा टमी हे काही वेगळं नाही, स्टमकचं दुधाचे दात पडलेलं रूप.

आपल्याकडे पण आहे की हे. पोट चालतं, पण ढेरी म्हटलं की माणूस दुखावतो, आणि तुंदिलतनु म्हटलं की त्याला आपली स्तुती केल्यासारखं वाटतं.

डॉक्टर_बोलते

अगदी अगदी. मी पण लहान पोरांना तपासताना पोटोबा म्हणते, पोट म्हटलं की घाबरतात.

सीए_साहेबराव

अवांतर, पण शेअरबाजारवाल्यांसाठी. शिकागोच्या मर्कंटाइल एक्स्चेंजवर १९६१ पासून पोर्क बेलीचे वायदे चालायचे, म्हणजे डुकराच्या पोटाचं गोठवलेलं मांस, ज्याचं बेकन होतं. २०११ मध्ये ते बंद झाले. धंदा बुडाला की बेली अप गेला म्हणतात, ते मेलेला मासा पोट वर करून तरंगतो त्यावरून. आणि फायर इन द बेली म्हणजे आपली पोटतिडीक, हे भाषांतर जमतं बहुतेक.

मिसळ_आणि_मिसेस

आणि बेली डान्स? तो शब्द अरबी असेल ना?

सीए_साहेबराव

नाही, नाच तिकडचा, नाव फ्रेंचांनी दिलेलं, पोटाचा नाच अशा अर्थाचं, इंग्लिशने त्याचं भाषांतर केलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो गाजला आणि नाव अमेरिकाभर पसरलं. अरबीत त्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. त्यात पोटाचं नाव पण नाही.

मिसळ_आणि_मिसेस

पोटाचं अजून एक, व्हेंट्रिलोक्विस्ट. डॉक्टरांनी व्हेंटर म्हणजे पोट सांगितल्यावर डोक्यात घंटा वाजली. पोटातून बोलणारा! पूर्वी ग्रीक-रोमन लोकांना खरंच वाटायचं की त्याच्या पोटात बसून कोणीतरी बोलतंय. आपण याला शब्दभ्रम म्हणतो. रामदास पाध्ये आणि अर्धवटरावांना बघून मोठे झालो आपण, ओठ हलत नाहीत आणि बाहुला आगाऊपणा करतोय. पोटातलं ओठावर न आणता बोलणं ते हेच.

जयतु_संस्कृतम्

हे आवडलं. पाध्यांच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत होतो लहानपणी आणि बाहुल्याशी भांडलो होतो.

शब्दांचा_सदू

आश्चर्य वाटलं नाही :) दिवे घ्या.

भात्याचा_कारागीर

आज दुकानात एक पेटी आली, भाता गळतोय. गिऱ्हाइकाला म्हटलं हिच्या पोटात वारा धरत नाहीये. तो म्हणाला माझ्या पोटात पण धरत नाही. दोघं पण हसलो आणि चहा मागवला.

खमंगकाकडी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री लेकीला बसवून सांगितलं, सगळं नाही, जेवढं तिला पेललं तेवढं. पॉट म्हणजे मडकं हे ऐकून ती थोडी हिरमुसली कारण तिचा शोध गेला. पोटरीचं सांगितल्यावर मात्र उठून आरशासमोर गेली, टाचा वर केल्या आणि पायाला पोट येतंय का ते बघत बसली. मग विचारलं की पायाला पोट आहे तर पायाला भूक लागते का, मी म्हटलं चालून चालून दमतो तेव्हा लागत असेल.

सकाळी बाबाला हाक मारली, मडकेबाबा, चहा झाला. त्याने टीशर्ट परत खाली ओढला.